टाळीचा खडक

वाजवलीत ना टाळी, ताई? होडीत बसतानाच सांगितलं होतं मी. पाखरं उडताना फोटो छान येतो, ठाऊक आहे मला; चाळीस वर्षं माणसं आणतोय इथं. पण या बेटावर टाळी वाजवायची नाही. समोर तो खळगा बघा. सगळा खडक पाखरांच्या शिटेनं पांढरा, तेवढाच काळा, धुतलेला. त्याचं कारण सांगतो.

फार मागं आमच्या गावात देवीची साथ आली होती म्हणे. अंगावर फोड उठले की माणसाला या बेटावर आणून सोडायचं आणि रोज होडी लावायची नाही, असा नियम रवळू तांडेलानं घातला. गावातल्या होड्या त्याच्या शब्दावर चालायच्या. पुढं त्याच्याच बायकोला, द्वारकीला, फोड आले. आता नियम मोडणार कसा? झावळ्यांचं खोपटं आणि दोन घागरी गोडं पाणी देऊन त्यानं तिला इथं उतरवलं. म्हणाला, "पाणी सरला की टाळी वाजव. पाखरां उठली की माका थयसून दिसतली. मी येतंय."

चौथ्या दिवशी पाखरं उठली. पण आम्हा दर्यावरच्या माणसांना पाखरं घिरट्या घालताना दिसली की एकच सुचतं, खाली मासळी आहे. दोन महिने गावानं बांगडा बघितला नव्हता, पोरं नुसत्या पेजेवर होती. सगळ्यांनी होड्या लोटल्या. रवळूनंही लोटली. पाण्याची घागर घेतली होती हो त्यानं बरोबर. आणि नशीब बघा, बेटाच्या अलीकडंच बांगडा खरोखर लागला. जाळी ओढून हात दुखले. रवळूनं मनाची समजूत घातली की पाखरं मासळीसाठीच उठली असणार. दुसऱ्या दिवशी उठली तेव्हाही हेच. तिसऱ्या दिवशी थोडीच उठली आणि लगेच बसली.

तेव्हा कुठं त्यानं जाळं सोडून होडी बेटाकडं वळवली. तो इथं पोचला तर द्वारकी त्या खळग्यापाशी पडलेली, घागरी उपड्या. तिचे तळहात सोलून निघाले होते, असं सांगतात. अंगावरच्या फोडांनी मात्र खपली धरली होती. बाई बरी झाली होती हो. तहानेनं गेली.

आणलेलं पाणी पाजायला कुणी उरलं नव्हतं. ते त्यानं खळग्यात ओतलं.

आजही या बेटावरची पाखरं उठली की आमच्यातला कुणी आधी जाळं टाकत नाही. आधी इथं येऊन गोडं पाणी ओतायचं. तोवर बांगडा बहुतेक वेळा निघून जातो. मीही सोडलाय, शिव्या घालत सोडलाय, पण सोडलाय. पाखरं कशानं उठली हे विचारायचं नाही, एवढंच रवळू सांगून गेला.

तेव्हा ताई, तुमच्या बाटल्या द्या इकडं. सगळ्या. किनारा लागेपर्यंत आपल्याला प्यायला पाणी नाही.