महाराजांच्या कवळीचं माप

"माझ्या तोंडात कुणी डोकावायचं नाही, बोट घालायचं नाही, आणि कवळी मात्र चपखल बसली पाहिजे!" मानाजीराव महाराजांनी शेल्याआडून हुकूम सोडला. "शिवाय ती कवळी आहे हे कुणाला ओळखू येता कामा नये."

समोर सटवाजी कातारी उभा होता. हस्तिदंताच्या सोंगट्या आणि फण्या कातण्यात निंबगिरी संस्थानात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पण सरकार, माप घेतल्याशिवाय..."

"जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर तुझी हत्यारं जप्त, आणि तू संस्थानाबाहेर. संक्रांतीपर्यंत मुदत!"

महाराजांच्या तोंडाचं बोळकं झालंय हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. हे गावाला ठाऊक आहे, एवढंच काय ते महाराजांना ठाऊक नव्हतं. ते शेला तोंडाशी धरून बोलत. राजाला चावत नाही म्हणून दरबारच्या पंगतीला भाकरी, चकली, शेंगदाणे सगळं बंद होतं. धट्टेकट्टे सरदार बिचारे मुकाट्यानं गुरगुट्या भात गिळत.

सटवाजीचं नाव महाराजांना सुचवलं होतं राणी गुणवंताबाईंनी. राणीसाहेब मोठ्या देवभोळ्या म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या उशाशी एक झाकलेलं चांदीचं वाडगं असे. त्यात तीर्थ आहे असं त्या सांगत, आणि राणीसाहेब पांघरुणात असतानाच महाराज उठून आधी त्या वाडग्याला हात जोडत.

इकडे सटवाजी घरी येऊन बोचकं बांधायला लागला. त्याची लेक ठकू म्हणाली, "आबा, आत्तापासून बांधाबांध कशाला?"

"मग काय करू? न बघता कवळी करायची म्हणजे आंधळ्यानं सुईत दोरा ओवायचा."

"तोंडात डोकावायचं नाही, एवढंच म्हणालेत ना? मग माप आपणहून तोंडाबाहेर येईल. मामाचं गुऱ्हाळ कधी सुरू होतंय?"

निंबगिरीत एक जुनी रीत होती. हंगामातलं पहिलं गुऱ्हाळ पेटलं की राजानं स्वतः तिथं यायचं, ताज्या गुळाचा पहिला घास घ्यायचा आणि उरलेला खडा ज्यानं पुढं केला त्याला प्रसाद म्हणून परत द्यायचा. दात गेल्यापासून महाराज घास घेत नसत. गुळाला नुसतं बोट लावून ते चाखत आणि घाईनं पालखीत बसत.

त्या वर्षी मामाच्या गुऱ्हाळावर गूळ घेऊन ठकू पुढं झाली. केळीच्या पानावर कोमट, मेणासारखा मऊ, जाडसर गूळ होता. महाराजांनी बोट पुढं केलं.

"सरकार, एक सांगू? राग मानू नका," ठकू हळूच म्हणाली. "गेल्या साली सरकारांनी नुसतं बोट लावलं. लोक म्हणायला लागले, सरकारांना गूळसुद्धा चावत नाही की काय?"

"कोण म्हणतो?" महाराज उसळले. त्यांनी शेल्याआड गूळ तोंडाला लावला आणि सगळा जोर लावून हिरड्या त्यात रुतवल्या. जिभेवर कणभर गूळ आला तेवढा गिळला आणि खडा ऐटीत परत दिला. ठकूनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाऱ्याला धरला. घरी पोचेपर्यंत गूळ दगडासारखा कडक झाला होता.

संक्रांतीला बाप-लेक खासगी महालात हजर झाले. राणीसाहेबही तिथं होत्या. महाराजांनी पाठ फिरवून कवळी बसवली, जबडा हलवून पाहिला, मग तिळाचा लाडू तोंडात टाकून कुडुम करून फोडला. वळले तेव्हा मात्र ते रागानं लाल झाले होते.

"इतकी चपखल बसते? म्हणजे मी झोपलो असताना कुणीतरी डोकावलंच! कोण तो?"

"कुणी नाही. सरकारांनी स्वतःच माप दिलं, साऱ्या गावादेखत." ठकूनं पानातला खडा पुढं ठेवला. त्यात वरखाली हिरड्यांची कमान उठली होती.

महाराजांनी खडा फिरवून फिरवून पाहिला. "हं. पण हे दात पिवळट का? आणि हा एक वाकडा? मला मोत्यांसारखे हवे होते."

"साठीच्या तोंडात मोती दिसले तर लोक विचारतील, कुठून आणले? सुपारी खाणाऱ्या माणसाचे दात असेच असतात."

हार मानतील तर ते महाराज कसले! "ओळखू येत नाही हे मी कशावरून मानू? सिद्ध कर. नाहीतर हत्यारं इथंच ठेवून जा!"

सटवाजीनं हत्यारांची पिशवी पाठीमागं लपवली. ठकू मात्र शांतपणे म्हणाली, "आबांनी केलेली कवळी घालणारं एक माणूस कित्येक वर्षं सरकारांच्या पंक्तीला जेवतंय. सरकारांना कधी ओळखू आली?"

"कोण? दिवाणजी?"

"नाव नाही सांगणार."

"माझा हुकूम आहे!"

"हुकमानं ते नाव सांगितलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या हुकमानं सरकारांचंही सांगेन. मग सरकारांनी माझ्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

महाराजांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नवे दात टक्कन वाजले. तेवढ्यात पदराआडून खुदकन हसू आलं.

"पुरे करा पोरीचा छळ," राणीसाहेब म्हणाल्या. "ते माणूस मी. हिच्या आईनं माप घेतलं होतं. मी काही आढेवेढे घेतले नाहीत, सरळ आ केला."

महाराज राणीसाहेबांजवळ सरकले. "आणि रात्री? घालूनच निजता?"

"छे! रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, नाहीतर हिरड्या सुजतात. सकाळी मऊ कुंचल्यानं घासून धुवायची."

"ठेवता कुठं?"

"वाडग्यात."

"कुठल्या वाडग्या..." महाराज थांबले. "म्हणजे मी रोज उठून हात जोडतो, ते..."

"तुमची भक्ती पाहून सांगायला जीवच होईना," राणीसाहेब म्हणाल्या.

महाराज असे हसले, असे हसले की शेला खाली पडला तरी त्यांना भान राहिलं नाही. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं आणि सटवाजीला वाड्यालगत घर लिहून दिलं. "आणखी काय हवं, माग!"

"दरबारच्या पंगतीला भाकरी वाढा, सरकार. सरदार पार वाळून गेलेत."

"भाकरी वाढा, चकल्या तळा!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि चांदीचं आणखी एक वाडगं आणा. उद्यापासून राणीसाहेब माझ्या तीर्थाला हात जोडतील!"