मुक्या यंत्राचा तास

एका घाटाच्या गावी एक वृद्ध झारेकरी राहत असत. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. सराफांच्या दुकानांसमोरची माती धुऊन तिच्यातले सोन्याचे कण वेचणे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. वयोमानाने हातातली पाटी सुटली, तरी हरवलेली वस्तू कशी शोधावी हे शिकायला माणसे त्यांच्याकडे येत. त्यांत दोन शेजारी होते. एक भालचंद्रमास्तर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक; दुसरा हणमंत, सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारा. जमिनीतला धातू ओळखणारे यंत्र घेऊन नदीच्या वाळूत फिरायचे आणि सापडेल ते ज्याचे त्याला नेऊन द्यायचे, असा छंद दोघांना जडला होता.

यंत्र निवडण्यात मास्तरांनी दीड महिना घातला होता. एकाच कंपनीची दोन यंत्रे, जणू जुळी भावंडे. एकाची चकती किंचित मोठी, दुसऱ्याची पाण्यात बुडाली तरी चालणारी. एकात धातू ओळखण्याचे तीन सूर, दुसऱ्यात पाच. मास्तरांनी वहीत रकाने आखले, दुकानदाराला भंडावून सोडले आणि अखेर तीन सुरांचे घेतले. हणमंत नुसता सोबतीला गेला होता. "तसलं शेवटचंच होतं ना? मग मला ते दुसरं द्या," म्हणत त्याने पाच सुरांचे उचलले.

मास्तरांचा ताप तिथून सुरू झाला. हणमंताला कोणाचे पैंजण सापडे, कोणाच्या बाळाचा वाळा, कधी नाव कोरलेला तांब्या. लोक त्याला हाका मारून चहा पाजत. मास्तरांच्या वाट्याला बाटल्यांची झाकणे येत. हणमंताचे यंत्र वाजले की मास्तरांच्या पोटात दुखे. आपण दीड महिना डोके शिणवले, याने डोळे झाकून उचलले, आणि सरस निघावे ते याचेच?

अशात घाटावर फुले विकणाऱ्या आवडाबाईंचा चांदीचा छल्ला खालच्या पायऱ्यांपाशी कुठेतरी पडला. तो त्यांच्या वारलेल्या लेकीचा. तिची आठवण म्हणून त्या कमरेला लावत. त्या आधी मास्तरांकडे आल्या. मास्तरांनी दोन दिवस शोधले, पण छल्ला सापडला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी भीतभीत विचारले, "हणमंतभाऊंना सांगून बघू का?"

"काही उपयोग नाही," मास्तर बोलून गेले. "तो वाहून गेला. उगाच कोणाला त्रास देऊ नका."

वाहून गेल्याचे त्यांना काहीही ठाऊक नव्हते.

त्याच संध्याकाळी ते तात्यांकडे गेले. "तात्या, माझी निवडच चुकली. मला हणमंताचंच मॉडेल हवं."

"घेण्याआधी वापरून तरी बघा," तात्या म्हणाले. "सकाळी दोघं यंत्रं घेऊन घाटावर या."

सकाळी तात्यांनी दोन्ही यंत्रे देवळाच्या ओवरीत नेली आणि त्यांच्या पडद्यांवर फडकी बांधून आणली. "आकडे बघायचे नाहीत. कानांनी शोधायचं." मग त्यांनी हणमंताचे यंत्र मास्तरांना दिले आणि मास्तरांचे हणमंताला. "मास्तर, तुम्ही वरची वाळू घ्या. हणमंता, तू खालच्या पायऱ्यांपाशी जा. तासभर."

हवे ते यंत्र हाती आले होते. मास्तर उत्साहाने चकती फिरवू लागले, तोच खालून हणमंताच्या हातातले यंत्र वाजले. मास्तर थबकले. थोड्या वेळाने ते पुन्हा वाजले. माझ्याच यंत्राने याला कसे काय सापडते? चकती वाळूवरून फिरत राहिली आणि मनात तोच एक प्रश्न घुमत राहिला. तास संपता संपता आवडाबाईंचा आवाज आला, "गवसला गं बाई! माझ्या सखूचा छल्ला!"

मास्तर तात्यांपाशी आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "याचं नशीबच थोर. त्याचं यंत्रसुद्धा माझ्या हातात गप्प बसलं."

तात्यांनी फडके सोडले. पडदा काळा होता. मग त्यांनी बंडीच्या खिशातून बॅटरी काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"ती मी काढून घेतली होती. चालू यंत्र वाळूवर धरलं की बारीक घरघर करतं, हे तुम्ही जाणता. तरी तासभर मुकं यंत्र फिरवलंत. नावेच्या लोखंडी साखळीवरून दोनदा गेलात, तुम्हाला पत्ता नाही. हात इथे होता, कान खाली पायऱ्यांपाशी. मास्तर, तीन सूर बरे की पाच, हे ज्याला आपल्या यंत्राचा सूर ऐकू येतो त्यानं विचारावं. मत्सराला शेजाऱ्याचं सगळं ऐकू येतं. आपल्या हातातलं तेवढं ऐकू येत नाही."

मास्तर पायऱ्या उतरून आवडाबाईंसमोर गेले. हणमंत तिथेच होता.

"बाई, छल्ला वाहून गेला म्हणालो, ते खोटं होतं. हणमंताला तो सापडू नये, म्हणून बोललो."

आवडाबाईंनी छल्ला मुठीत घट्ट धरला. "मास्तर, चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि आपल्या फुलांकडे वळल्या.

हणमंत खाली मान घालून चकतीवरची वाळू पुसत राहिला. मास्तरांनीच विचारले, "छल्ल्यावर कसा वाजला रे सूर?"

"अगदी बारीक, मास्तर. मला वाटलं झाकणच असेल. तरी म्हटलं, खणून बघू."

तसाच एक बारीक सूर शोधाच्या पहिल्या दिवशी, त्याच पायऱ्यांपाशी, मास्तरांच्याही कानी आला होता. नेमके त्याच क्षणी वरच्या वाळूत हणमंताचे यंत्र वाजले होते, आणि मास्तर तिकडे पाहत पुढे निघून गेले होते.