काडी देणाऱ्यांची नावं

त्या प्रदेशात पाखरांना गाणं जन्मतः येत नसे. ते शिकावं लागे. त्यासाठी टेकडीवरच्या जुन्या उंबरावर एक पाठशाळा होती. ती कुणा एकाची नव्हती. सुतारपक्ष्यानं वर्ग कोरून दिले होते, सुगरणींनी छत विणलं होतं, ठिपकी नावाच्या चिमणीनं नुसती एक काडी दिली होती. दर स्थापनादिनी म्हातारं कासव ही सारी नावं म्हणून दाखवी, आणि छताखाली पेंगत पिल्लं ती ऐकत.

एका वर्षी वादळानं छत उडवून नेलं. पिल्लं उन्हात होरपळू लागली. मदत कुणाकडे मागावी, हे मुख्याध्यापिका साळुंकीला सुचेना. तेव्हा मोर आला.

"माझ्या पिसांचं छत देतो," तो म्हणाला. "मात्र यापुढे स्थापनादिनी एकच नाव घ्यायचं. माझं."

साळुंकीनं धापा टाकणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं आणि होकार दिला. मग कासवाकडे जाऊन तिनं ते सांगितलं.

"आजोबा, माझा नाइलाज झाला हो."

"असू दे, पोरी. उद्याच्या स्थापनादिनी तेवढी सगळी नावं घेऊ दे. शेवटची."

दुसऱ्या दिवशी कासवानं सुरुवात केली. एरवी त्याचा आवाज छताखालीच घुमत राही. आज वर मोकळं आभाळ होतं. नावं वाऱ्यावर दूर खोऱ्यापर्यंत गेली. तिथं दाणे टिपणाऱ्या एका चिमणीनं मान वर केली.

"ठिपकी? अगं बाई, ही तर माझी पणजी!"

टेकडीवरचा बिनछताचा उंबर दिसताच तिनं काडी उचलली आणि ती तिकडे झेपावली. मागोमाग सुगरणी निघाल्या, सुतारपक्षी निघाले, शाळा सोडून जमाना लोटलेले बुलबुल निघाले. जो तो काडी खोवून झाली की फांदीवर बसून जुने धडे म्हणू लागला, निम्मे बेसूर. पिल्लं हसून लोळली. छत वाढत गेलं, आणि कासव नवी नावं विचारून घेत राहिलं.

मोर आपल्या पिसांचा भारा घेऊन आला, तेव्हा त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. तो बराच वेळ उभा राहिला. मग भारा खाली ठेवून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक काडी चोचीत धरली आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

"नाव काय घेऊ?" कासवानं विचारलं.

नाव सांगायचं तर काडी पडली असती. मोरानं मान हलवली आणि तो छताकडे उडाला.