मंजिष्ठा आणि चौदा दगडी व्यापारी

एका राज्यात एक पेठ होती, आणि त्या पेठेला शाप होता. जो दुकानदार दुसऱ्या दुकानदाराचा उंबरठा ओलांडी, तो बोलता बोलता दगड होई. असे चौदा व्यापारी चौदा दुकानांत दगड होऊन उभे होते. कुणाचा हात उंचावलेला, कुणाचे तोंड उघडे. त्या भयाने कुणी कुणाकडे जाईना, कुणी कुणाचे नाव जाणेना. गिऱ्हाईक एका दुकानी आले आणि हवे ते मिळाले नाही, तर पुढचे दुकान दाखवणारे कुणी नसे. गिऱ्हाईक घरी जाई, पेठ ओस पडे.

राजाने दवंडी पिटवली, "पौर्णिमेपर्यंत पेठ गजबजली नाही, तर तेथे हत्तीशाळा बांधू."

त्याच पेठेत मंजिष्ठा नावाच्या तरुणीने नुकतीच रंगशाळा मांडली होती. हात असे कसबी, की तिने रंगवलेल्या निळ्या शेल्याला मोर आपला समजत. पण स्वभाव भिडस्त. परक्या माणसाशी बोलायचे म्हटले की तिचा घसा कोरडा पडे. महिना झाला तरी एक वस्त्र रंगायला आले नव्हते.

पौर्णिमेला तीन दिवस उरले, तेव्हा एक साळुंकी रंगशाळेच्या दांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मंजिष्ठे, तीन उंबरठे ओलांड. निरोप धाडू नकोस, स्वतः जा. कुणी विचारल्यावाचून आपल्या मालाचा शब्द काढू नकोस."

"आणि काढला तर?"

"तर पंधरावी तू."

पहिल्या दिवशी ती समोरच्या विणकराच्या दुकानात शिरली. घाबरून ती बोलून गेली, "माझ्याकडे सात रंग..." आणि तिचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि विचारले, "आपले नाव काय? आपले कसे चालले आहे?"

विणकर थक्क झाला. "मी वीरभद्र. आडवा दोरा नेणारा धोटा तुटला म्हणून माग बंद आहे. नवा कोण घडवील, ठाऊक नाही."

तो सांगत राहिला, ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचे पाय पुन्हा पाय झाले.

दुसऱ्या दिवशी ती सुताराकडे गेली. त्याचे नाव सोमाजी. दुकानात शिसवीच्या फळ्या छतापर्यंत रचलेल्या, आणि तो रिकामा बसलेला.

"आपल्याला काय हवे?" मंजिष्ठेने विचारले.

"काम हवे, बाई. हात गंजले."

मंजिष्ठा उठली आणि वीरभद्राला हाताला धरून घेऊन आली. तो उंबरठ्यावर थबकला. "मी दगड झालो तर?"

"आधी त्यांचे नाव विचारा," ती म्हणाली.

त्याने विचारले. सूर्य कलण्याआधी धोटा तयार झाला आणि पेठेत मागाचा खटखटाट घुमला.

तिसऱ्या दिवशी ती पेठेच्या टोकाच्या दुकानापाशी आली. त्याच्या दारात निळी आग जळत असे. मंजिष्ठा आगीतून आत गेली. आगीने तिला जाळले नाही. आत एक मांत्रिक बसला होता. त्याच्याभोवती तेलावाचून तेवणारे शंभर दिवे होते.

"शाप देणारा मीच," तो गरजला. "पळत का नाहीस?"

मंजिष्ठा खाली बसली. "आपले नाव काय?"

मांत्रिकाने एक दिवा जवळ ओढला. मग म्हणाला, "ज्वालाधर. बारा वर्षांपूर्वी दिवे विकायला मी या पेठेत नवा आलो. सगळे आपापल्या मालाची थोरवी सांगून गेले. तू कोण, एवढेही कुणी विचारले नाही. चौथ्या दिवशी मी शाप दिला."

मंजिष्ठेला आपला महिना आठवला. ती हळूच म्हणाली, "मीही येथे नवी आहे." मग दारात जाऊन तिने हाक दिली. वीरभद्र आणि सोमाजी आगीतून आत आले. सोमाजीने आधी नाव विचारले, मग तो दिव्यांकडे पाहतच राहिला. "ज्वालाधरजी, भुशात तेलाचा दिवा ठेवायला मला भय वाटते. यातला एक मला द्याल?"

मांत्रिकाने दिवा दिला, आणि मंजिष्ठेकडे वळून विचारले, "आणि मुली, तू काय करतेस?"

बारा वर्षांत मांत्रिकाने दुसऱ्या कुणाबद्दल स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मंजिष्ठेचा घसा या वेळी कोरडा पडला नाही.

"मी कापड रंगवते," ती म्हणाली. "माझा निळा रंग पाहून मोर फसतात."

निळी आग विझली. चौदा दुकानांत चौदा दगड हलले, खोकले, आणि एकमेकांची नावे विचारू लागले. पेठेत असा गलबला उठला की राजा हत्तीवरून पाहायला आला आणि हत्ती तेवढा वेशीबाहेर ठेवून पायी आत शिरला. त्याने मंजिष्ठेला पेठेची श्रेष्ठी, सगळ्या व्यापाऱ्यांची प्रमुख, नेमले.

तिने एकच नियम घातला. तेव्हापासून त्या पेठेत नवे दुकान उघडले की पहिल्या सकाळी सगळे व्यापारी रिकाम्या हातांनी तेथे जातात, मांडी घालून बसतात, आणि नवा माणूस बोलून थकेपर्यंत ऐकतात.