सुभानाचा बोगदा

फार वर्षांपूर्वी, राणीच्या राज्यात, घाटावर आगगाडी चढायची होती तेव्हा, आमच्या कातळवाडीत सुभाना राहत होता, त्याची बायको येसू राहत होती नि एकुलती लेक साळू. सुभाना बोगद्यांवर सुरुंग लावायचा. कातळावर पहार आपटायचा, कान लावून ऐकायचा आणि सुरुंग पेटवताना अशी आरोळी द्यायचा, "हुश्शाऽर!" की पलीकडच्या डोंगरावरची गुरंसुद्धा जागीच थबकायची, असं म्हणतात.

घाट झाला, काम सुटलं. मुकादम म्हणाला, "मोरस बेटावर रूळ टाकायचेत. येतोस?" पोटासाठी सुभाना मॉरिशसच्या जहाजावर चढला.

झालं! खोतानं गाव गोळा केला. "दर्या ओलांडला, धर्म बुडवला. त्याच्या घराला विहीर बंद. लेकीची सोयरीक बंद."

अरे, त्या विहिरीचा कातळ फोडला कुणी? सुभानानंच की! पण एक माणूस बोलेल तर शपथ.

येसू तेवढी बोलली. "खोतबाबा, त्याच्या रुळांवरून तुम्ही काशी करून आलात. मोरसची साखर तुमच्या शिऱ्यात पडते. रूळ चालतात, साखर चालते, माणूस तेवढा चालत नाही?"

"जीभ आवर, येशे!"

मग मायलेकी खालच्या ओढ्याचं गढूळ पाणी चढावरून वाहायला लागल्या. उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत झरे उकरायच्या. विहीर समोर होती, भरलेली. सगळा गाव बघायचा आणि घागरी भरून घरी जायचा. आग लागो त्या बघण्याला!

बऱ्याच वर्षांनी सुभाना परतला. दाढी पांढरी, खांद्यावर तीच पहार. वाटेत साळू दिसली, डोईवर घागर, पाय सोललेले. तो कुणाशी भांडला नाही. घरामागच्या कड्याला त्यानं कान लावला. डोंगराच्या पोटात पाणी बोलत होतं, असं म्हणतात. त्यानं कड्यात बोगदा खणत नेला, शेवटचा सुरुंग भरला आणि आरोळी दिली, "हुश्शाऽर!" कडा फुटला, आगगाडीसारखी शिट्टी घालत पाणी बाहेर आलं. आणि त्याच घटकेला गावची विहीर तळाला गेली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दारात गाव, पुढं खोत, हातात तांब्या.

"सुभाना, पोरंबाळं तहानलीत रे."

"मला काय विचारता? भोगलं तिनं. तिला विचारा."

येसू म्हणाली, "पाणी बंद करणं आम्हाला येत नाही, बाबा. पण भरल्या गावात जे बंद केलंत, ते भरल्या गावात उघडा. साळूच्या हातचं प्या."

खोत खाली बसला. साळूनं वरून धार धरली. ओंजळीनं प्याला तो, सगळ्यांदेखत.

अजून आमच्याकडे बोगद्यावर पाणी भरण्याआधी कातळावर दगड आपटतात आणि हाक देतात, "सुभाना, हुश्शाऽर!" कुणी दर्यापार कामाला गेला, तर तो परतेपर्यंत त्याच्या घरचं पाणी गाव भरतो.

आणि साळूचं लग्न त्याच वर्षी, त्याच अंगणात लागलं. वऱ्हाडाला पाणी देत पंगतीतून फिरला, तो खोत.