दूताची दाढी आणि शत्रूचे आसन

"कंकच्या राजानं हुकूम दिला आणि भर चौकात माझी दाढी उतरवली. आणि मग—"

एवढेच कलिकेच्या कानावर पडले. ती कुंपणाच्या अलीकडे उन्हात तीळ निवडत होती. पलीकडे परदेशातून नुकताच परतलेला दूत वसुकेतू आपल्या बायकोशी, मालिनीशी, हळू आवाजात बोलत होता. उपरण्याने त्याने तोंड झाकून घेतले होते. तेवढ्यात त्यांचे वासरू हंबरले आणि पुढचे वाक्य त्यात बुडाले. तसे वासरू गप्प राहिले असते तरी काही फरक पडला नसता. कलिका सूप तिथेच ठेवून केव्हाच उठली होती.

पूर्वी करंजनगरीत पुष्पसेन नावाचा राजा राज्य करीत असताना घडलेली ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच राजाच्या पदरी अमात्य होता. त्याचे नाव क्षेमगुप्त. राज्यातली धान्याची कोठारे आणि बैल त्याच्या देखरेखीखाली असत. तो कमी बोलायचा, आणि बोलला की लोकांना ते आवडायचेच असे नाही.

त्या नगरीत दाढी फक्त चोराची उतरवीत. त्यामुळे कलिकेने विहिरीवर सांगितलेली गोष्ट बाजारात पोचेपर्यंत वाढत गेली. कोणी म्हणाले, दूताला गाढवावर बसवले. कोणी म्हणाले, दाढी कापली नाही, जाळली. सकाळी वसुकेतूच्या दारात माणसांची ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात हार. खुद्द राजा पायी चालत आला आणि त्याने दूताला मिठी मारली.

"महाराज, जरा माझं ऐकाल का," वसुकेतू म्हणाला, "तिथं झालं असं की—"

"एक शब्द बोलू नकोस," राजा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुझा अपमान तुझ्याच तोंडून वदवून घेण्याइतका मी नीच नाही."

ही त्या नगरीची जुनी रीत होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'काय झाले' असे विचारायचे नाही. विचारणे म्हणजे त्याला पुन्हा दुखवणे, असे ते लोक मानीत. रीत मोठ्या मायेची खरी, पण त्या मायेपोटी ज्याला सगळे ठाऊक होते त्यालाच कोणी विचारले नाही. वसुकेतूने घरातल्या मालिनीकडे पाहिले, गळ्यातल्या हारांकडे पाहिले आणि तो गप्प राहिला.

राजाने तिथेच युद्ध पुकारले. कंक देश फार दूर, हिमाच्या घाटापलीकडे. घाटातली वाट मोकळी करायला त्याच दिवशी पुढची तुकडी निघाली. मालिनीचा धाकटा भाऊ, मेहुण्याच्या अपमानाने पेटलेला, सगळ्यांच्या पुढे होता. मालिनी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेली. परत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आता तरी बोला."

"आता कसं बोलू? राजानं सगळ्यांसमोर मला मिठी मारली गं."

मग घरोघरचे तरुण आणि बैल मैदानावर गोळा होऊ लागले. कलिकेचा एकुलता मुलगा शरभ, त्याचेही नाव पुकारले गेले. तेव्हा कलिका अमात्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"अमात्यबाबा, माझा शरभ तेवढा वगळा. विधवेचा मुलगा आहे. त्याला धड भाला धरता येत नाही."

"इतरांना येतो का?" क्षेमगुप्त म्हणाला. "मैदानावर पाहून आलो मी. निम्म्यांनी भाले नांगरासारखे धरलेत."

कलिका हसली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. "युद्ध करायलाच हवं का हो?"

"नगरीतलं सगळं पहिल्यांदा तुम्हालाच कळतं म्हणतात. तुम्हीच सांगा. दूताला कंकच्या राजानं काय केलं?"

"दाढी उतरवली."

"का?"

कलिकेने मान खाली घातली. "पुढे 'आणि मग' म्हणाले होते ते. मी थांबले नाही. गाढव मी नाही हं घातलं त्यात, ते बाजारातलं. पण दाढी माझी. म्हणजे मीच ऐकलेली. अर्धीच." तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "हे सभेत सांगाल का तुम्ही?"

"तुमचं नाव नाही घेणार," बोधिसत्त्व म्हणाला. शरभला मात्र त्याने वगळले नाही. एकाला वगळले तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा मुलगा जाणार, एवढेच त्याने तिला समजावले, आणि ती रडत घरी गेली.

राजाने युद्ध पुकारले तरी मुख्य सेना निघण्याआधी सभेची संमती लागत असे. ठरल्या दिवशी सभामंडप भरला. मधोमध नेहमीप्रमाणे एक रिकामे आसन अंथरले होते. त्याला शत्रूचे आसन म्हणत. पूर्वजांनी ठरवले होते की युद्धाचा विचार करताना शत्रूच्या बाजूनेही कोणीतरी बोलावे, आणि जो बोलेल त्याने त्या आसनावर बसावे. मात्र सभेने युद्ध ठरवले, तर त्या माणसाला सेनेच्या आधी वेशीबाहेर काढायचे आणि पुन्हा आत घ्यायचे नाही. म्हणून कित्येक वर्षांत त्यावर कोणी बसले नव्हते. सभासद त्यावर आपली पानाची तबके ठेवीत.

आधी क्षेमगुप्त आपल्या जागेवरूनच बोलला. "महाराज, घाट चढायला नांगराचे सगळे बैल लागतील. ते पेरणीला परतणार नाहीत. निम्मे तर घाटातच राहतील. जी पोरं जातील त्यांतलीही बरीच."

सेनापती उग्रबाहू मोठ्याने हसला. "ऐका! दूताच्या दाढीचा भाव करायला बसलेत अमात्य! बैलांत सांगा, अमात्य, एका दाढीचे किती बैल?"

सभा खदखदून हसली. क्षेमगुप्तही थोडासा हसला.

"सेनापती, उद्या कोणी आपल्या वेशीवर चालून आलं, तर पहिला बैल माझ्या गोठ्यातला सोडा, मी कारण विचारायला येणार नाही. पण इथं आपणच दूर जाणार आहोत. एवढं देऊन आपण काय मिळवणार आहोत, हे तरी कोणी सांगा."

"मान!" मागून कोणीतरी ओरडले.

"कंकचे घोडेही," उग्रबाहू हळूच म्हणाला, पण ते सगळ्यांना ऐकू गेले.

राजा जरा चुळबुळला. तो वाकून प्रेमाने म्हणाला, "क्षेमगुप्ता, जिंकल्यावर कंक देशाचा कारभार तुझ्याच हाती द्यायचं माझ्या मनात आहे. तू असा आडवा येऊ नकोस."

देश लहान नव्हता, आणि राजा बोलल्याप्रमाणे वागणारा होता. बोधिसत्त्वाने हात जोडले. मग तो उठला, मधल्या आसनापाशी गेला, पानाची तबके एकेक करून बाजूला ठेवली आणि त्यावर बसला.

मंडपात कोणी हलेना. उग्रबाहूचेही हसू मावळले.

"मी कंकचा राजा," बोधिसत्त्व म्हणाला. "तुमच्या नगरीची मायेची रीत मला बांधत नाही. मी शत्रू आहे, मी विचारू शकतो. वसुकेतू, त्या चौकात मी तुला काय केलं? पहिल्यापासून सांग."

वसुकेतू उभा राहिला. लोकांनी घातलेले हार अजून त्याच्या गळ्यात होते. समोर आसनावर बसलेल्या म्हाताऱ्या अमात्याकडे त्याने पाहिले, आणि आपण गप्प राहिलो तर हा माणूस वेशीबाहेर जाणार हे त्याला उमगले असावे.

"तुमची आई वारली होती," तो त्या आसनाला म्हणाला. "तुमच्या देशात राजमाता गेली की राजधानीतले सगळे पुरुष दाढी उतरवतात. भर चौकात. तुम्ही पहिले बसलात. मला म्हणालात, तू परका आहेस, तुला ही सक्ती नाही. पण घरचा समजून शेजारी बसशील का? मी बसलो. तुमच्याच वस्तऱ्यानं माझी दाढी उतरवली. मग..." तो थांबला. "मग तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात."

"हुकूम कसला होता?"

"न्हाव्याला होता. माझ्या हनुवटीला जपायचा."

"कोणी हसलं का तुला?"

"हसले. माझी पांढरी हनुवटी बघून शिपाई हसले. पण आपापल्या हनुवट्या चाचपूनही हसत होते."

एवढे बोलून त्याने हार काढले. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून तो ते हातात धरून तसाच उभा राहिला. सभेतले कोणीही दुसऱ्याकडे पाहत नव्हते. बाजारात गाढव घालणारेही तिथेच बसले होते.

राजा सिंहासनावरून उतरला. "मीच तुला बोलू दिलं नाही," तो दूताला म्हणाला. मग उग्रबाहूकडे न पाहताच तो पुढे म्हणाला, "आणि घोडे माझ्याही मनात होते." अमात्याला त्याने हात धरून उठवले. सेना मोडल्याची दवंडी त्याच दिवशी फिरली.

पण घाटात गेलेली तुकडी परत बोलवायला स्वार पोचला, तेव्हा तिथे दरड कोसळून गेली होती. जे परतले त्यांत मालिनीचा भाऊ नव्हता. त्याचा शेला तेवढा आला.

राजाने दाढी उतरवली. कंकच्या राजमातेसाठी आणि घाटात राहिलेल्यांसाठी. कोणी न सांगता सगळ्या नगरीने उतरवली. चोर आणि साव ओळखू येईनासे झाले, आणि त्याबद्दल कोणी विनोदही केला नाही.

शरभ मैदानावरून घरी आला. कलिकेने त्याला जेवायला वाढले. पण त्या दिवसापासून कुंपणाकडे तोंड करून तिला बसता येईना. शेवटी एका सकाळी ती तिळाचे सूप घेऊन तिथे गेली. पलीकडे मालिनी वासराला पाणी दाखवीत होती.

"मी पुढचं ऐकायला थांबले नाही गं," कलिका म्हणाली.

"मी सगळं ऐकलं होतं, काकी," मालिनी म्हणाली. "तरी त्याला वेशीपर्यंत पोचवून आले."

मग दोघींनी बसून मिळून तीळ निवडले.

काही दिवसांनी एक परगावचा व्यापारी बैलावर बसून त्या वाटेने चालला होता. कलिकेला पाहून त्याने बैल थांबवला. "काय हो मावशी, कंकच्या राजानं तुमच्या अख्ख्या नगरीच्या दाढ्या उतरवल्या म्हणतात, खरं का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने बैल हाकलाही.

कलिका कुंपण ओलांडून वाटेवर आली आणि तिने बैलाची वेसण धरली.

"दाढ्या उतरल्या ते खरं," ती म्हणाली. "बाकीचं खोटं. उतर खाली. सगळं ऐकल्याशिवाय मी तुला इथून जाऊ द्यायची नाही."

सीमेपलीकडच्या एका चढाईवरून भिक्षू आपापसात तावातावाने बोलत होते, तेव्हा त्यांच्या गुरूंनी, म्हणजे शास्त्यांनी, त्यांना ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "राजा पुष्पसेन आज तुमच्यातच बसला आहे. युद्धाला होकार द्यायची घाई झालेल्या त्या तरुण भिक्षूच्या रूपाने. सेनापती त्याच्या शेजारी आहे. कलिका म्हणजे रोज तुम्हाला भात वाढणारी उपासिका. ती आता कोणतीही बातमी दोनदा विचारून घेते. अमात्य क्षेमगुप्त मीच होतो." दूत कोण होता ते त्यांनी सांगितले नाही. मागच्या ओळीतला एक भिक्षू आपणहून उभा राहिला. त्या चढाईमागचे सगळे त्याला ठाऊक होते, आणि आजही तो सकाळपासून गप्प होता.

शास्त्यांनी त्याला बसायला खुणावले. "वसुकेतूचे तोंड उघडले ते लाजेने," ते म्हणाले. "राजा सिंहासनावरून उतरला तोही लाजेमुळेच. ही लाज वेळेवर आली की माणसे घरी परततात. उशिरा आली तर शेला तेवढा येतो. ती वेळेवर येऊ द्या. ह्री नावाचा सद्गुण तो हाच."