येसाईने परत मागितलेले बोरू

बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. मुलांनाही जवळ बसवा. येसाईची गोष्ट ऐकायला वयाची अट नाही.

फार वर्षांपूर्वी, छापील पुस्तक या मुलखात कुणी पाहिलंही नव्हतं तेव्हा, नदीकाठच्या नळखेड गावात येसू नावाची एक बुरुडीण राहत होती. तिचा नवरा धोंडी सुपं, टोपल्या, कणग्या विणायचा आणि येसू त्याला बांबू चिरून द्यायची. तिच्या हातची कांब दुसऱ्या कांबेशेजारी ठेवली तर केसाएवढा फरक दिसत नसे, असं म्हणतात.

एकदा गावचे पंतोजी सूप न्यायला आले. मुलांना शिकवून आले होते आणि चिडलेले होते. कमरेला खोचलेला बोरू त्यांनी काढला आणि ओट्यावर टाकला. "दोन ओळी लिहिल्या की फुटतो मेला! शहरातून आणवला, तरी ही तऱ्हा."

येसूने तो उचलला. टोकाची चीर बघितली. "कापणाऱ्याला घाई होती, पंतोजी," ती म्हणाली. "आणि काडी कच्ची होती."

दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेली. तिथे देवनळाचं, म्हणजे बांबूसारख्या उंच पोकळ गवताचं, बेट होतं. पिकलेली एक काडी तिने निवडली, दोन पेरांमधली सरळ नळी काढली, टोक तिरपं कापलं आणि मधोमध बारीक चीर दिली. त्या बोरूने पंतोजींनी पावसाळाभर लिहिलं आणि मग सगळीकडे सांगत सुटले.

तिथून येसूचा व्यवसाय सुरू झाला. बाजाराच्या दिवशी धोंडीच्या टोपल्यांशेजारी ती एक फडकं अंथरायची आणि त्यावर बोरू मांडायची. एका बोरूला पसाभर जोंधळे. धोंडी तिची थट्टा करायचा. "अगं, माझ्या टोपलीत खंडीभर दाणे मावतात. तुझ्या त्या काडीत काय मावतं?"

"तुमच्या टोपलीत मावत नाही ते," येसू म्हणायची. मग दोघंही हसायची.

येसूला अक्षर येत नव्हतं. पण तिचे दोन नेम होते. देवनळाला पांढरे तुरे येऊन ते झडेपर्यंत ती काडीला सुरी लावत नसे. पौषात कापायची, उन्हाळाभर वाळवायची, मग बोरू करायची. आणि पळसाच्या पानावर शाईने एक टिंब, एक रेघ आणि एक चंद्रकोर काढल्याशिवाय कुठलाही बोरू विकत नसे. पंतोजींनी तिला सांगितलं होतं की सगळी अक्षरं या तिन्हींतूनच होतात. म्हणून ती शाईचं बोट कपाळाला लावून म्हणायची, "आई सरस्वती, मला नाही आलं, पण माझ्या बोरूला येऊ दे."

हळूहळू घाटाखालचे लोक येऊ लागले. मग घाटावरचे. 'नळखेडचा बोरू' असं नाव पडलं. ते नाव ऐकलं की येसू मान खाली घालायची, पण आतून तिला फार बरं वाटायचं.

आता ऐका. चार कोसांवर देवीचा मोठा मठ होता. मठातल्या देवीमाहात्म्याच्या पोथीला वाळवी लागली. पानं हातात घेतली की भुगा व्हायची. मठाने ठरवलं, दसऱ्याच्या सकाळी शंभर लेखकांनी एकत्र बसून पोथी नव्याने लिहायला घ्यायची. श्रावणात मठाचे कारभारी त्र्यंबकपंत येसूच्या दारात उभे राहिले.

"दसऱ्याला हजार बोरू हवेत, बाई. होतील?"

येसूकडे पिकल्या काडीचे दोनशे होते. नदीवर देवनळ हिरवागार होता, तुऱ्याचा पत्ता नव्हता.

"नाही म्हणालीस तर शहरातून आणतो," त्र्यंबकपंत म्हणाले.

देवीची पोथी, आणि ती शहराच्या बोरूने लिहायची? येसूला ते सोसलं नाही. "होतील," ती म्हणाली.

धोंडी म्हणाला, "अगं, तुरे तरी येऊ देत."

"तुरे येईपर्यंत दसरा जाईल."

आणि तिने हिरव्या काड्या कापल्या. चुलीवरच्या धुरात टांगल्या, तापल्या वाळूत पुरल्या. तेल चोळून जुन्या आणि नव्या एकाच रंगाच्या केल्या. टिंब, रेघ, चंद्रकोर प्रत्येक बोरूने काढून पाहिली. सगळी सुरेख उमटली. अष्टमीच्या सकाळी मठाची गाडी आली आणि हजार बोरू घेऊन गेली. येसूने घटासमोर हात जोडले.

त्याच दिवशी दुपारी पंतोजी आले. हातात कागद होता. हजार देऊन येसूकडे उरलेल्या नव्या बोरूंपैकी एक त्यांनी नेला होता आणि देवीची आरती लिहायला बसले होते. पहिलं कडवं मोत्यासारखं होतं. दुसऱ्या कडव्यात अक्षरं फुगली होती. तिसऱ्यात नुसते डाग होते.

"येसू, हा तुझाच ना गं?"

येसूने बोरूचं टोक बोटांत धरलं. शाई पिऊन ते मऊ पडलं होतं. तीन खुणांपुरता तो टिकायचा, पानभर नाही. आठशे बोरू असे होते, आणि परवा सकाळी देवीच्या पोथीवर त्यांचे डाग पडणार होते.

येसू खाली बसली. काय करावं? नवरात्रात घटी बसलेली बाई गावाची शीव ओलांडत नाही. अखंड दिवा तिच्या हातचा असतो. रात्र तिने कशीबशी काढली. नवमीच्या पहाटे दिव्यात तेल घातलं आणि धोंडीला म्हणाली, "दिव्याजवळ बसा. मी मठात जाते."

"अगं, शीव?"

"देवीसाठीच ओलांडतेय. तिला कळेल. तुम्ही तेवढे झोपू नका."

उपाशीपोटी चार कोस चालून ती मठात पोचली. अंगणात लेखक शाई घोटत बसले होते. येसू दीपमाळेपाशी थांबली आणि म्हणाली, "कारभारी, माझे बोरू परत द्या."

त्र्यंबकपंतांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "परत? विकलेला माल परत मागायला आलेली दुकानदारीण आज पहिल्यांदा बघतोय!" लेखक हसले.

"हसा," येसू म्हणाली. "पण त्यातले आठशे कच्चे आहेत. मी हाव धरली. पोथी तुमची असली तरी बोरू माझा आहे. डाग पडला तर तो माझा असेल आणि देवीच्या नावावर बसेल."

हसणं थांबलं. त्र्यंबकपंत हळूच म्हणाले, "पण कच्चे कोणते आणि पिकले कोणते? सगळे सारखेच दिसतात."

खरंच सारखे दिसत होते. तिनेच तर ते सारखे केले होते. येसूने डोळे मिटले. मग एक बोरू उचलून दीपमाळेच्या दगडी चौथऱ्यावर वीतभर उंचीवरून सोडला. थप्. दुसरा सोडला. थप्. तिसरा सोडला आणि टण् झालं, पितळेच्या वाटीसारखं.

"हा पिकलेला," येसू म्हणाली.

मग ती एकेक सोडत गेली. थप् झालं की डावीकडे, टण् झालं की उजवीकडे. शंभर लेखक शाई घोटायचं थांबवून ऐकत होते. म्हणतात, त्या दिवशी मठातले पारवेसुद्धा घुमले नाहीत. ऊन माथ्यावरून कललं तेव्हा हजार पुरे झाले. उजवीकडे बरोबर दोनशे होते.

"माणशी दोन," येसू म्हणाली. "पुरतील की नाही ते देवीच्या हातात."

एका म्हाताऱ्या लेखकाने उठून त्यातले दोन घेतले आणि कपाळाला लावले. "आई, पुरतील," तो म्हणाला. येसूला 'आई' म्हणणारा तो पहिला.

दसऱ्याला पोथी सुरू झाली आणि माघात पुरी झाली. एरवी लेखकाला दहा पानांनी बोरूचं टोक पुन्हा कापावं लागतं. त्या दोनशे बोरूंना पोथी संपेपर्यंत कुणी सुरी लावली नाही, असं म्हणतात. पोथीत एकही डाग नाही.

आणि घरचा दिवा? धोंडी बिचारा जेवून जो कलंडला तो येसूच्या पावलांनीच जागा झाला. दिव्यात तेलाचा थेंब नव्हता आणि ज्योत संथ जळत होती. "झोपलो नव्हतो, डोळे मिटून बसलो होतो," असं धोंडी आयुष्यभर सांगत राहिला.

शाई लागलेली लेखणी चुलीत कशी घालायची? म्हणून ते आठशे बोरू येसूने नदीच्या चिखलात एकेक करून रोवले. पुढच्या वर्षी तिथे देवनळाचं रान उभं राहिलं. लांब पेरांचं, सरळसोट, माणसाच्या दुप्पट उंच. येसूने गावच्या चाळीस बायकांना हाताशी घेतलं आणि बोरू करायला शिकवलं. दूरदूरचे लेखक नळखेडला येऊ लागले. आल्यावर बोरू दगडावर टाकायचे, टण् ऐकायचे आणि मगच थैलीत घालायचे. तोवर येसूची येसाई झाली होती.

आजही नळखेडात तुरे झडल्याशिवाय देवनळ कापत नाहीत. आणि नवरात्रातल्या नवमीला तिथल्या बाजारात कुणी काही विकत नाही. कुंभार, शिंपी, सोनार, वाणी सगळे दारात बसतात. वर्षभरात आपण विकलेलं काही कच्चं निघालं असेल तर ते परत घेतात आणि बदल्यात चांगलं देतात. भांडण नाही, साक्ष नाही.

गेल्या नवमीला एका सुनेने फुटका माठ आणला. कुंभाराने तो पाहिला आणि लगेच नवा पुढे केला. ती बिचारी लाजली. म्हणाली, "काका, खरं सांगू का? हा माझ्याच हातून पडला हो."

"असू दे, पोरी, घेऊन जा," कुंभार म्हणाला. "तू खरं बोललीस, मी परत घेतलं. येसाईची नवमी दोघांचीही साजरी झाली."